देव्हाऱ्यातलं गहाणखत

जुन्या कागदांना वाळवीपेक्षा दिवाळीची साफसफाई जास्त भोवते. माळ्यावरची पेटी खाली येते, "हे कुणाला वाचता येतंय का?" असं घरात एकदा विचारलं जातं, आणि मग रद्दीवाल्याचा काटा. म्हणून आमच्या छोट्या संग्रहालयाचं 'जुने कागद दाखवा' शिबिर वारसा सप्ताहात, म्हणजे 19 ते 25 नोव्हेंबरच्या दरम्यान असलं, तरी पत्रकं साताऱ्याच्या पेठांमधून दिवाळीच्या महिनाभर आधी फिरवावी लागतात. शिबिराच्या आठवड्यात वाटलेलं पत्रक कुचकामी. तोवर पेटी रिकामी झालेली असते.

पत्रकावर तीन ओळी ठळक असतात. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. किंमत सांगत नाही. तलवारी-कट्यारी आणू नका, फोटो आणा. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण 'सरकारजमा होईल' या धास्तीनं माणसं कागद बाहेर काढत नाहीत. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांना नोंदणी लागते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पण पणजोबांचं खतपत्र घरात ठेवलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. हे नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाला तोंडी सांगायचं. नुसतं छापून भागत नाही.

मांडणी साधी: नोंद, पाहणी, फोटो, वाचन अशी चार टेबलं, त्यावर धुतलेली पांढरी चादर. शाईचं पेन कुठेच नाही, फक्त शिसपेन्सिल. चहा दुसऱ्या सोप्यात. कागद हाताळताना हातमोजे घालत नाही, त्याची अनेकांना गंमत वाटते. पण मोज्यात बोटाला अंदाज राहत नाही आणि ठिसूळ कडा तुटते. हात साबणानं धुऊन कोरडे केले की पुरे. मोजे फक्त जुन्या फोटोंना आणि धातूला, कारण तिथं बोटांचा घाम ठसा सोडतो. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर मालक स्वतः नेतो, पुठ्ठ्यावर ठेवून. तो नजरेआड झाला की विश्वासही गेला.

फोटोसाठी स्कॅनर वापरत नाही. झाकण दाबलं की घडीवर कागद फाटतो. कॅमेरा स्टँडवर, तोंड खाली, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे, फ्लॅश बंद. शेजारी 15 सेंटीमीटरची पट्टी, रंगपट्टी आणि नोंदक्रमांकाची चिठ्ठी. चिठ्ठी फोटोत आली नाही, तर संध्याकाळी कुठला कागद कुणाचा याचा घोळ ठरलेला.

त्या दिवशी दुपारी एक कुटुंब आलं. आजी, मुलगा, सून. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली तसबीर. "महाराजांची सनद आहे, देव्हाऱ्यात असते," मुलगा म्हणाला. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, कडेला कापराची काजळी, आणि आतल्या कागदाचा डावा खालचा कोपरा काचेला चिकटलेला.

चिकटलेला कागद ओढायचा नाही. ओल लागून काचेला बसलेल्या कागदाची शाई काचेवरच राहते. मागचे गंजलेले बारीक खिळे पकडीनं सरळ वर काढले, पाठीची फळी सोडवली आणि कागद काचेसकट तसाच राहू दिला. फळी निघाली आणि दोन गोष्टी हाती आल्या. मागून टॉर्च धरता येऊ लागला, आणि कागदाची पाठ दिसली.

टॉर्चच्या उजेडात गिरणीच्या कागदाचा जलछाप (वॉटरमार्क) स्पष्ट उठला. समोर, वरच्या बाजूला, घरच्यांनी आजवर राजमुद्रा मानलेला गोल छाप म्हणजे आठ आण्यांचा स्टँप होता, राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचा. शिवाजी महाराजांच्या अस्सल पत्रात माथ्याला 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तब असतो. इथं दोन्ही नव्हतं. वाचनाच्या टेबलावरच्या गुरुजींनी भिंगातून मिती वाचली: शके 1790, विभवनाम संवत्सर. शकात 78 मिळवले की 1868. संवत्सराचं नाव शकाशी जुळतंय का, हे ताडून बघायचंच. आकडा चुकीचा वाचला गेला तर संवत्सर लगेच चुगली करतं.

खत मोडी लिपीत होतं. मोडी वाचायला वेळ का लागतो, तेही सांगायला हवं. लिहिणारा आधी पूर्ण ओळभर रेघ ओढतो आणि अक्षरं तिला टांगत जातो. शब्द तोडत नाही. त्यामुळे अक्षर ओळखण्याआधी शब्द कुठे संपला ते ओळखावं लागतं. खतात मात्र मजकूर ठरलेला असतो: धनको म्हणजे कर्ज देणारा, रिणको म्हणजे घेणारा, रक्कम, व्याज, मुदत, चतुःसीमा म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी, साक्षी. साचा माहीत असला की अर्धं काम होतं. हे होतं गहाणखत. कृष्णाकाठचं शेत, रुपये 75, व्याज दरमहा शेकडा एक.

अशा वेळी चारचौघांत मोठ्यानं वाचायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम. आधी घरच्यांना बाजूला घेऊन सांगायचं आणि पुढे वाचू का, असं विचारायचं. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "आजी, ही सनद नव्हे. तुमच्या वडीलधाऱ्यांनी जमीन गहाण टाकून कर्ज काढलं होतं, त्याचं खत आहे." मुलगा एकदम गप्प झाला आणि तसबीर उचलायला पुढे सरकला. आजींनी त्याचा हात धरला. "मग जमीन सुटली का?"

इतिहासाच्या किती अभ्यासकांना हा प्रश्न इतक्या चटकन सुचेल, कोण जाणे. उत्तर कागदाच्या पाठीवर होतं. भरणा होईल तसा तो खताच्या पाठीवर मांडून ठेवायची रीत असे. इथंही वेगवेगळ्या मित्यांचे आकडे एकाखाली एक होते, आणि शेवटच्या ओळीत खत फिटल्याचा मजकूर. शिवाय मुळात खत राहतं सावकाराकडे. कर्ज फिटलं की ते रिणकोला परत मिळतं, बरेचदा थोडं फाडून, म्हणजे पुन्हा त्यावर दावा लागायला नको. या कागदाची वरची उजवी कड तशीच सरळ, मुद्दाम फाडलेली होती. रिणकोचं आडनाव या घरचं, आणि खतही याच घरात. आजी म्हणाल्या, "फेडलंय ना? मग राहू दे देव्हाऱ्यात. वाचा आता सगळ्यांसमोर."

मग गर्दी जमली, आणि खरी मजा साक्षींच्या निशाण्यांवर आली. लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याचं चिन्ह काढी: शेतकऱ्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. या खतावर एक नांगर होता, एक तराजू, आणि तिसरं चिन्ह आखूड दांड्याला वर वाकलेलं पातं. गुरुजी 'विळा?' म्हणत अडखळले. रांगेत आपल्या घरची जुनी वही घेऊन उभे असलेले एक मिस्त्री पुढे वाकले. "विळ्याला असं पातं नसतं, गुरुजी. विळ्याची धार पोटात. इथं पातं दांड्याला आडवं बसलंय. हा वाकस. माझ्या आज्याचा अजून घरात आहे." त्यांनी पेन्सिल घेऊन नोंदपत्रकाच्या मागं बाजूनं दिसणारा वाकस काढून दाखवला. चित्र आणि निशाणी तंतोतंत. म्हणजे तिसरा साक्षीदार गावचा सुतार. नोंदीत आम्ही 'वाकस, सुतार' लिहिलं आणि ओळख पटवणारे म्हणून मिस्त्रींची सही घेतली. तज्ज्ञ फक्त टेबलाच्या अलीकडेच बसतो असं नाही.

चतुःसीमेतला ओढा आणि 'बारवेकडे जाणारी वाट' यांवरही बरीच वादावादी झाली. सनदेत हे सापडेलच असं नाही. सनद राजाची भाषा बोलते, गहाणखत बांधाची.

काच मात्र तशीच ठेवली. कोपरा सोडवणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे. काचेवरची चमक घालवायला कॅमेऱ्यामागे काळं कापड धरलं आणि काचेतूनच फोटो घेतले. घरच्यांना सांगितलं, देव्हाऱ्यात रंगीत प्रत लावा. मूळ कागद कापूर, उदबत्ती आणि तेलाच्या दिव्यापासून लांब. कोरं मांजरपाट दोनदा धुऊन, खळ काढून, त्यात गुंडाळा. पेटीत वेखंडाची पुरचुंडी. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको, आणि पावसाळा संपला की उघडून बघायची. प्लास्टिकची पिशवी, डांबरगोळ्या आणि सेलोटेप यांना मज्जाव. सेलोटेप काही वर्षांत सुटते, पिवळा डिंक कायमचा राहतो.

संध्याकाळी चौकात भेदिक शाहिरी, म्हणजे सवाल-जवाबाची शाहिरी होती: कलगी आणि तुरा, शक्तीची बाजू आणि शिवाची. नोव्हेंबरच्या दवानं डफाचं चामडं सैलावतं आणि आवाज बसतो. शाहिरांना शेकायला विस्तव हवा. लाकडी वाड्याच्या चौकात तो चालत नाही. म्हणून फाटकाबाहेर पत्र्यावर शेगडी, शेजारी वाळूची बादली, आणि दोन डफ आळीपाळीनं. एक वाजतो तोवर दुसरा तापतो. हे आधी ठरवलं नाही तर पहिल्याच सवालाला डफ भद्द वाजतो आणि फडाचा रंग जातो.

जाण्याआधी आजींनी परवानगीपत्रक भरलं. त्यात तीन वेगळे रकाने असतात: फोटो संग्रहात ठेवायचा का, प्रदर्शनात लावायचा का, कुटुंबाचं नाव द्यायचं का. मुलानं तिसऱ्यात 'नाही' लिहिलं. आजींनी ते खोडायला लावलं नाही. "निशाण्या लावा, नाव नको," एवढंच म्हणाल्या. दोघांच्याही सह्या घेतल्या, एक प्रत त्यांना दिली.

त्या दिवशी आलेल्या कागदांतले सर्वांत वाईट हाल वाळवीनं केलेले नव्हते, लॅमिनेशननं केले होते. तापलेल्या प्लास्टिकमध्ये अडकलेला कागद पुन्हा मोकळा करणं जवळपास अशक्य. म्हणून आता पत्रकांसोबत राजवाडा आणि कोर्टाच्या परिसरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत एक चिठ्ठी जाते: 'मोडी कागद लॅमिनेट करण्याआधी गिऱ्हाइकाला संग्रहालयात पाठवा.' काही दुकानदार ती काउंटरच्या काचेखाली लावतात. काही जण धंदा बुडतो म्हणून कुरकुरतात. त्यांना आम्ही आमच्या रंगीत प्रतींचं काम देतो.