खानापूर तालुक्यात सूक्ष्म पोषकद्रव्यांची कमतरता मोजताना : माझा अनुभव

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील काही मराठीभाषक गावांत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रिया आणि ६ महिने ते ५ वर्षांची मुले यांच्या शरीरातील लोह, जस्त, 'अ' जीवनसत्त्व, बी-१२ आणि आयोडीन यांची कमतरता मोजली. आमच्या भागात 'रक्त कमी आहे' हे निदान प्रत्येक घरात ऐकू येते आणि त्याचे उत्तर म्हणून लोहाची गोळी ठरलेली असते. कमी झालेल्या रक्तामागे खरोखर लोहच कमी आहे की आणखी काही, हे मात्र क्वचितच कोणी तपासते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील ५ वर्षांखालील ६५.५ टक्के मुलांना आणि ४७.८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ही तपासणी बोटाला किंवा टाचेला टोचून काढलेल्या थेंबावर झाली होती. उलट २०१६–१८ च्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात नसेतून रक्त घेण्यात आले. त्यात देशातील १ ते ४ वर्षांच्या मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के आले, तर त्याच सुमाराच्या कुटुंब पाहणीत ते ५८.६ टक्के होते. दोन्हींचे वयोगट अगदी एक नाहीत हे मान्य केले, तरी एवढ्या फरकात रक्त कसे काढले याचा वाटा मोठा आहे, असे माझे मत झाले आणि नसेतूनच रक्त घ्यायचे हे ठरले.

नैतिकता समितीची मंजुरी, तालुका पातळीवरची परवानगी आणि प्रयोगशाळेशी बोलणी या गोष्टींना वेळ लागला, पण त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. संमतिपत्र मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून घेतले, कारण एकाच घरात सासूला मराठी आणि कन्नड शाळेत शिकलेल्या सुनेला कन्नड सोपे जाते. हंगाम मात्र विचार करून निवडावा लागला. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पावसाळ्यात बर्फाचा डबा घेऊन त्या बाजूला फिरण्याचा अर्थ सांगायला नको. शिवाय त्या दिवसांत घरोघर ताप, हगवण असते आणि त्याचा परिणाम थेट रक्ताच्या आकड्यांवर होतो. म्हणून सुगी आटोपल्यानंतरचे दिवस घेतले. कुटुंबांची निवड केवळ अंगणवाडीच्या नोंदवहीवरून केली असती तर वीटभट्टीवर मुक्कामाला आलेली कुटुंबे सुटली असती, त्यामुळे घरांची यादी आम्ही स्वतः गल्लोगल्ली फिरून केली. मुलांचे वय शक्य तिथे तायी कार्डावरून (आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदींचे सरकारी कार्ड) घेतले. रक्तक्षय ठरवणारी हिमोग्लोबिनची सीमा वयानुसार बदलते, म्हणून आईच्या अंदाजावर विसंबणे मला पटत नव्हते.

सर्वांत अवघड काम संमतीचे होते. स्त्रिया स्वतःचे रक्त द्यायला फारशा कचरत नसत, पण मुलाच्या हातात सुई म्हटले की घरातली वडीलधारी माणसे पुढे येत. एका आजींनी मला दारातच अडवून विचारले, "एवढं रक्त काढूलालाय, पोराला भरून कोण देणार?" प्रश्न रास्त होता. त्यांच्याच स्वयंपाकघरातला चहाचा चमचा मागून घेऊन तो पाण्याने भरून दाखवला आणि याहून जास्त घेणार नाही असे सांगितले. आठ किलो वजनाच्या बाळाच्या अंगात साधारण सहाशे मिलिलिटर रक्त असते आणि एक चमचा म्हणजे जेमतेम पाच मिलिलिटर, हा हिशेब आजींपेक्षा शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला आधी पटला. तरीही काही घरांनी नकार दिला. आमच्यासोबत आलेल्या आशाताई अशा वेळी पुन्हा पुन्हा आग्रह धरत नसत, आणि ते योग्यच होते. जबरीने मिळवलेली संमती नोंदवहीत घेण्यात अर्थ नाही.

रक्त काढल्यानंतरचा तासभर हा या साऱ्या कामाचा गाभा आहे, आणि प्रबंध लिहिताना नेमके त्यालाच लोक दोन ओळींत उरकतात. जस्त मोजायचे असेल तर साध्या रबरी बुचाच्या नळीतले, पावडर लावलेल्या हातमोज्यांवरचे किंवा अंगणवाडीतल्या धुळीतले जस्तसुद्धा नमुन्यात उतरू शकते, म्हणून त्यासाठी खास धातुमुक्त नळ्या आणि बिनपावडरचे हातमोजे वापरावे लागतात. 'अ' जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही, त्यामुळे नळी भरल्याबरोबर तिला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची. रक्त गोठण्यासाठी अर्धा तास उभे ठेवायचे, मग सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवून वरचे पिवळसर सीरम वेगळे करायचे. यात उशीर झाला किंवा हिसक्याने लाल पेशी फुटल्या तर पेशींतले जस्त सीरममध्ये येते आणि आकडा फुगतो. फुटलेल्या पेशींचे सीरम गुलाबी दिसते. असे नमुने आम्ही जस्ताच्या मोजणीतून बाद केले, मग ते घर कितीही लांबचे असो. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून सेंट्रिफ्यूज प्राथमिक आरोग्य केंद्रात, जनरेटरच्या खोलीलगत ठेवला होता. बर्फाच्या पिशव्या नळ्यांना थेट चिकटू नयेत म्हणून मध्ये जाड कापडाची घडी असे.

नळीवर चिठ्ठी लावताना वेळही लिहायची असते, आणि तिला नावाइतकेच महत्त्व आहे. जस्ताची पातळी दिवसभरात आणि जेवणानंतर बदलते. त्यामुळे स्त्रियांसाठी सकाळी उपाशीपोटी ७०, सकाळी काही खाल्लेले असल्यास ६६ आणि दुपारी ५९ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर अशा वेगवेगळ्या सीमा आहेत. समजा एखाद्या बाईचा आकडा ६२ आला, तर वेळेची नोंद पाहूनच ती कमतरतेत मोजायची की नाही हे ठरते. सकाळी भाकरी खाऊन आलेली असेल तर हो, दुपारी आलेली असेल तर नाही.

लोहाची गंमत याहून निराळी आहे. शरीरातील लोहाचा साठा रक्तातल्या फेरिटिन या प्रथिनावरून कळतो, पण अंगात संसर्ग असला की साठा रिकामा असूनही फेरिटिन वाढते. 'अ' जीवनसत्त्वाचे उलट, ते संसर्गात खाली येते. म्हणजे शेंबूड गळणाऱ्या मुलात लोहाची कमतरता लपते आणि 'अ' जीवनसत्त्वाची खोटी दिसते. सर्दी-खोकल्याची मुले वगळावीत असे मला सुचवण्यात आले होते, परंतु थंडीत आमच्या गावांतून अशी मुले वगळली तर मोजायला मूल उरणार नाही. म्हणून फणफणत्या तापाचीच मुले पुढे ढकलली आणि बाकी सर्वांचे सीआरपी व एजीपी, म्हणजे संसर्गात वाढणारी रक्तातली दोन प्रथिने, तपासली. सीआरपी संसर्गात झटकन वाढून लवकर उतरते, एजीपी सावकाश वाढते व बरेच दिवस टिकते, त्यामुळे दोन्ही असतील तरच आजाराचा पूर्ण काळ पकडता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरोगी लहान मुलात फेरिटिनची सीमा १२ आणि स्त्रीत १५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. संसर्ग असल्यास त्याच सीमा अनुक्रमे ३० आणि ७० होतात. ही दुरुस्ती केल्यावर आमच्या मुलांतील लोहकमतरतेचे प्रमाण बरेच वर गेले. माझ्या मते पैसे थोडे असतील तर दहा पोषकद्रव्यांच्या मागे न लागता हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ही दोन प्रथिने एवढेच नीट मोजावे.

आहाराची माहिती आदल्या चोवीस तासांची विचारली. माळकरी घरांत दूधदुभते बेताचे असेल तर बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्यात लोह व फॉलिक ॲसिडची गोळी चालू असेल तर फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ च्या कमतरतेची रक्तातली खूण झाकली जाते. गरोदर बाईने अंगणवाडीत खाल्लेले अंडे ती घरच्या जेवणात सांगत नाही, ते वेगळे विचारावे लागते. लोहाचे सिरप दिले काय, या प्रश्नावर बहुतेक आया 'दिलं की' म्हणत. फळीवरची बाटली दाखवा म्हटले की ती गळ्यापर्यंत भरलेली निघे, कारण शी काळी होते म्हणून सासूने दोन वेळांनंतर थांबवलेले असे. धूम्रपानाचा प्रश्नही प्रश्नावलीत होता, कारण धूम्रपान करणाऱ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये वजावट करावी लागते. आमच्याकडे विडी ओढणारी बाई विरळा, मिश्री लावणाऱ्या मात्र घरटी सापडतात. मिश्रीसाठी कोणतीही वजावट ठरलेली नसल्यामुळे मी तिची केवळ नोंद ठेवली.

विश्लेषणाच्या वेळी एक नवाच पेच उभा राहिला. जुन्या नियमाप्रमाणे समुद्रसपाटीपासून १००० मीटरपर्यंत हिमोग्लोबिनमध्ये उंचीची दुरुस्ती करावी लागत नसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती ५०० मीटरपासूनच सुरू होते आणि ५०० ते ९९९ मीटर या टप्प्यात मोजलेल्या आकड्यातून प्रतिडेसिलिटर ०.४ ग्रॅम वजा करावे लागते. त्याच वेळी ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी रक्तक्षयाची सीमा ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणण्यात आली आहे. आमची गावे ५०० मीटरच्या वरची. त्यामुळे नव्या नियमाने स्त्रियांतील रक्तक्षय वाढला, तान्ह्या मुलांत तो जवळपास जागेवर राहिला, आणि रक्ताचा एक थेंबही बदललेला नव्हता. मी दोन्ही तक्ते प्रबंधात शेजारी शेजारी दिले, म्हणजे जुन्या पाहण्यांशी तुलना करणाऱ्याची फसगत होणार नाही.

अहवाल देण्याचे काम शेवटी राहिले. हिमोग्लोबिन त्याच दिवशी कळत असल्यामुळे ७ ग्रॅमच्या खाली आलेल्यांना तिथूनच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवले, बाकी आकडे पुढे काही महिन्यांनी घरोघर पोहोचवले. आयोडीनची पंचाईत मात्र झाली. लघवीतले आयोडीन दिवसागणिक इतके बदलते की एका नमुन्यावरून एका बाईबद्दल काहीच सांगता येत नाही, फक्त गटाचा मध्यक (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) पाहायचा असतो, आणि तो गरोदर नसलेल्या स्त्रियांत १०० ते १९९ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर असावा लागतो. हे समजावताना एक अक्का चिडून म्हणाल्या, "बाटली भरून दिली, मग माझा कागद कुठं आहे?" त्यानंतर अंगणवाडी सेविकेने सुचवल्याप्रमाणे आम्ही मातांच्या बैठकीत गावाचा एकत्रित आकडा सांगितला आणि ज्या घरांतल्या जाड्या मिठातले आयोडीन तपासणीत १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) खाली आले होते, त्यांना तेवढी एक चिठ्ठी मात्र नावाने दिली.