मावशीची खोली: ट्यूबभोवतीचे पट्टे अखेर गेले

गेले पाच रविवार खाल्लेला प्रश्न काल दुपारी सव्वाचारला सुटला. ट्यूबच्या वरची भिंत कमी-जास्त उजेडाच्या पाच फ्रेम मिसळून (मर्ज करून) केलेल्या फोटोत सलग दिसते आहे. पोपडे आहेत, देव्हाऱ्यावरची काजळी आहे, पट्टे नाहीत. शंभर टक्क्यांवर झूम करून दोनदा तपासलं, मग मावशीला लॅपटॉप दाखवला.

खोली मागच्या वेळचीच आहे: गिरगावातली चाळ, दहा बाय बारा, गॅलरीकडे एक खिडकी, वर पोटमाळा. चाळ पुनर्विकासाला गेली आहे आणि दिवाळीनंतर खोली रिकामी करायची आहे. मावशीकडे दिवसाही ट्यूब लागते, त्यामुळे ट्यूब बंद करून काढलेला फोटो मला त्या खोलीचा वाटतच नाही. खिडकीबाहेर चारचं ऊन, ट्रंकेखाली अंधार आणि मधे ही ट्यूब, एवढं सगळं एका फोटोत हवं आहे. म्हणून १६ एमएमची वाइड लेन्स, एफ ८, आयएसओ १००, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच फ्रेमचं ब्रॅकेट, १/४०० पासून ०.६ सेकंदापर्यंत.

पट्टे पहिल्यांदा दिसले तेव्हा मी दोष एनफ्यूजला, म्हणजे फ्रेम मिसळणाऱ्या प्रोग्रॅमला दिला होता. तेच ब्रॅकेट लाइटरूम या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मर्ज केलं, तर पट्टे तिथेच, तितकेच. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. एनफ्यूज २००७ च्या मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांच्या पद्धतीने चालतं, म्हणजे प्रत्येक फ्रेममधले नीट उजळलेले पिक्सेल जास्त वजन देऊन मिसळतं. लाइटरूमची रीत निराळी. दोन निराळ्या रीती एकाच जागी एकच चूक करत असतील, तर ती चूक मर्जच्या आधीच फ्रेममध्ये आहे. मी मात्र दोन रविवार एनफ्यूजची वजनं बदलत बसलो.

तिसऱ्या रविवारी नुसती १/४०० ची फ्रेम उघडली आणि एक्स्पोजर चार स्टॉप चढवलं. पाच आडवे पट्टे, गडद भागात पिवळट झाक. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. मी आवाज आणि हादरा नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरत होतो, त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. पाच पट्टे म्हणजे पाच चक्रं, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याला पूर्ण सेन्सर वाचायला १/२० सेकंद लागतं. हा आकडा मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाला नव्हता, तो मावशीच्या ट्यूबने दिला. आणि ट्यूबजवळच्या भिंतीला बाकी सगळ्या फ्रेम पांढऱ्या पडतात, तिथे मर्जला वापरायला हीच एक फ्रेम उरते. म्हणून पट्टे नेमके तिथेच.

मेकॅनिकल शटरवर गेलो, पट्टे गेले, पण नवंच दुखणं सुरू झालं. एकाच सेटिंगला दहा वेळा बटण दाबलं, तर दहा फ्रेमचा उजेड वेगवेगळा आणि रंगही थोडा वेगळा. १/४०० म्हणजे ट्यूबच्या एका चक्राचा जेमतेम चौथा हिस्सा. तो कधी उजळताना सापडतो, कधी मंदावताना.

इलेक्ट्रॉनिक चोक बसव म्हणजे प्रश्न मिटेल, असं तुमच्यापैकी कोणीतरी सुचवेलच. मिटेल, बरोबर आहे. पण ट्यूबची ती पट्टी काकांनी स्वतः लावलेली आहे आणि मावशी तिला कोणाला हात लावू देत नाही. मलाही ती आहे तशीच हवी आहे.

मग उपाय एकच उरला: सगळ्यात छोटी फ्रेमसुद्धा निदान १/५० ची करायची, म्हणजे तिच्यात दोन पूर्ण चक्रं बसतात. त्यासाठी तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे लेन्सवर लावायचा, उजेड कमी करणारा गडद फिल्टर. चौथ्या रविवारआधी फोर्टातून व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त गडद करता येणारा) आणला. वाइडला चालेल असं दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं. १६ एमएमला छतावर सरळ काळी फुली उमटली आणि तो रविवारही गेला. माझं मत आता पक्कं आहे: वाइड इंटिरिअरला व्हेरिएबल एनडी घेऊच नका. साधा काचेचा एनडी ८, म्हणजे ठरलेला तीन स्टॉपचा, घ्या. त्याची किंचित उबदार झाक पाचही फ्रेमला सारखीच बसते, व्हाइट बॅलन्समध्ये (फोटोची रंगाची झाक दुरुस्त करण्यात) निघून जाते.

काल त्यावर काढलं: १/५०, १/१३, १/३, १.३ आणि ५ सेकंद. १/१३ मध्ये चक्रं पूर्ण बसत नाहीत, पण सात-आठ चक्रांत तेवढा फरक मुरून जातो.

आणि एका दगडात दुसराही पक्षी मिळाला. पंखा! मावशी पंखा बंद करू देत नाही, म्हणून आधी छतावर नऊ-दहा अर्धपारदर्शक पाती तरंगायची आणि घोस्टिंगचा (हलत्या वस्तूंच्या अशा भुतासारख्या प्रतिमा घालवायचा) स्लायडर कितीही ओढला तरी काही जायची नाहीत. आता १/१३ पासून पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये पात्यांची सलग तबकडी होते, आणि १/५० ला छत इतकं काळं असतं की मर्ज तिथलं काही घेतच नाही. खराखुरा फिरणारा पंखा आला आहे. फडफडणाऱ्या कालनिर्णयला मावशीने स्वतःहून कपड्याचा चिमटा लावला.

लॅपटॉपवर फोटो बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "देवाच्या वर एवढी काजळी धरलीये? मला रोज दिसत कशी नाही?"

आता राहिला रंग. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकाच व्हाइट बॅलन्समध्ये बसत नाही. भिंत जमली की ऊन पिवळं होतं, ऊन जमलं की ट्यूब हिरवट. पुढच्या रविवारी मास्क लावून (एकेक भाग वेगळा निवडून) रंगवणार होतो.

पण हे लिहितानाच डोक्यात आलं की उजेडाची तर सरळ बेरीज होते. दुपारी चारला ट्यूब बंद ठेवून एक ब्रॅकेट, रात्री साडेसातला फक्त ट्यूबवर दुसरं. दोन्ही वेगवेगळी मर्ज करायची, प्रत्येकाला त्याचा व्हाइट बॅलन्स द्यायचा आणि मग बेरीज. ऊन किती, ट्यूब किती, हेसुद्धा नंतर ठरवता येईल. मात्र इथे एनफ्यूज बाद, कारण बेरीज खऱ्या उजेडाच्या आकड्यांचीच करावी लागते. म्हणजे परत १९९७ च्या डेबेव्हेक-मलिक वळणाचा रेडियन्स मॅप, प्रत्येक पिक्सेलला खरा उजेड किती याचा नकाशा. डार्कटेबल या प्रोग्रॅममध्ये मर्ज करून दोन एचडीआर डीएनजी फाइली, सिग्मॉइड (उजेडाचे आकडे पडद्यासाठी दाबणारी पायरी) बंद करून त्यांच्या ईएक्सआर फाइली आणि गिंप या प्रोग्रॅममध्ये ३२ बिट लिनिअरला अ‍ॅडिशन. डार्कटेबलचं मर्ज फ्रेम जुळवून घेत नाही, तेव्हा कॅमेरा चार तास केसभरही हलता कामा नये. ट्रायपॉड त्या खोलीत येता-जाता कोणाच्या तरी पायात येणारच. पण पोटमाळ्याचं लाकडी तुळवट आहे ना! त्याला क्लॅम्प लावला की खाली जमीन मोकळी. एनडी काढायचा नाही, रात्रीच्या ब्रॅकेटलाही तो लागणारच आहे. शेजारच्या काकूंना तेवढा वेळ गॅलरीतला दिवा बंद ठेवायला सांगावं लागेल.

आत्ताच मावशीला फोन करून विचारलं, चार ते आठ खोलीतलं काही हलवलं नाही तर चालेल का.

"चालेल की," ती म्हणाली, "मी गॅलरीत बसते. तांदूळ तेवढे आधीच काढून ठेवते."