तिन्ही घड्याळांत चाळीस

घरातल्या सीसीटीव्हीची क्लिप काढायची आणि ती पुरावा म्हणून चालावी यासाठी सोबत सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच काम होतं. विश्रामबागेतलं दुमजली घर. राहणारे काका-काकू दोघंच, मुलगा न्यू जर्सीत. आतल्या खोलीच्या कपाटातून पैशांचं पाकीट गेलं होतं आणि मुलाने तिकडे बसून रेकॉर्डिंग चाळून 'तो' प्रसंग शोधला होता. चित्रावरची वेळ 13:40. त्या वेळी काका वर झोपलेले, काकू जेवण आटोपून बँकेत गेलेल्या, आणि खाली भांडी घासायला आलेल्या मावशी. मी पोचलो तोवर मावशींचं काम सुटलं होतं. आता तक्रार द्यायची होती.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब च्या जागी कलम 63 आलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या त्या सर्टिफिकेटचे दोन भाग असतात: एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधूनच काढलेला तिचा ठसा, लिहावी लागते. गावोगावचे सीसीटीव्हीवाले हल्ली हा कागद दुकानातल्या बिलासारखा फाडून देतात. मी तसा देत नाही. हॅश एवढंच सांगते की फाइल नंतर बदललेली नाही. फाइलमधलं घड्याळ मुळातच चुकीचं असेल, तर ती चूकही हॅश इमानाने जपून ठेवते.

मुलाने जे उभं केलं होतं, त्याचं आधी कौतुक करतो. दीड-दोन हजारांचे दोन वाय-फाय कॅमेरे, वेगवेगळ्या कंपन्यांचे, एक दारावर आणि एक हॉलमध्ये. बहुतेक लोक कंपनीचं अॅप टाकतात आणि आपल्या घराचं चित्र परदेशातल्या सर्व्हरवर जातंय याची फिकीर करत नाहीत. याने आरटीएसपी (म्हणजे अॅपशिवाय कॅमेऱ्याचं चित्र थेट घ्यायची सोय) चालू असलेले कॅमेरे निवडून घेतले, जुन्या ऑफिस-डेस्कटॉपवर लिनक्स टाकून फ्रिगेट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चढवलं आणि कॅमेऱ्यांची इंटरनेटची वाट राउटरमध्येच बंद केली. छोटी स्ट्रीम माणूस ओळखायला, मोठी स्ट्रीम रेकॉर्डिंगला. तीही एच-264 या व्हिडिओच्या प्रकारात, कारण एच-265 ने जागा वाचते खरी, पण काही ब्राउझर तोंड फिरवतात. दोन्ही कॅमेऱ्यांना राउटरमधून कायमचे आयपी दिलेले, म्हणजे लाइट जाऊन आली की पत्ता बदलायचा नाही. स्वतः बाहेरून घरच्या नेटवर्कात यायला व्हीपीएन, म्हणजे खासगी बंद वाट. आमच्या धंद्यातली पोरं चाळीस-पन्नास हजारांच्या कामातसुद्धा अॅडमिनचा पासवर्ड फॅक्टरीचाच ठेवून येतात.

क्लिप उघडली. हॉलमधून आतल्या खोलीचं दार दिसतं आणि दारासमोर खिडकी. स्वस्त कॅमेऱ्याला डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली एकाच चित्रात सांभाळायची सोय, नावापुरतं. मागून ऊन आलं की पुढचा माणूस काळा ठिक्कर. चौकटीत एक आकृती येते, कपाटाचं दार उघडतं, त्याच्याआड ती जाते, अर्ध्या मिनिटाने निघते. बाई की पुरुष, मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो. सॉफ्टवेअरने 'पर्सन' एवढंच ओळखलं होतं. म्हणजे मावशींविरुद्ध सगळा पुरावा होता तो कोपऱ्यातला आकडा.

खटकला तो उजेड. हॉलची ती खिडकी पूर्वेला आहे. पावणेदोनला पूर्वेच्या खिडकीतून ऊन एवढं आत फरशीवर येईल कसं?

मग रेकॉर्डिंगची मूळ फाइल शोधली. फ्रिगेट ती तारीख, तास, कॅमेरा अशा फोल्डरांत ठेवतं, आणि तास यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा असतो. ती आपल्या साडेपाच तास मागे. फाइल 05 च्या फोल्डरमध्ये होती, नाव चाळिसाव्या मिनिटाचं. 05:40 यूटीसी म्हणजे आपले सकाळचे 11:10.

माझा मोबाइल घड्याळ लावून हॉलच्या कॅमेऱ्यासमोर धरला. चित्रावरचा आकडा बरोब्बर अडीच तास पुढे. दारावरचा कॅमेरा मात्र अचूक. त्या दिवशी मावशी दारातून बाहेर पडताना दारावर 13:52, आणि त्याच मावशी हॉलमधून दाराकडे जाताना हॉलच्या चित्रावर 16:22. एवढं पुरेसं होतं, पण कारण कळल्याशिवाय मला उठवत नाही.

नवीन राउटर आला तेव्हा कॅमेरा वाय-फायला लागेना, म्हणून काकांनी पिन टोचून तो रिसेट केला होता. मुलाने तिकडून पुन्हा जोडून घेतला, अॅपला बगल देऊन. कॅमेऱ्याला इंटरनेट नाही, म्हणून वेळ डेस्कटॉपवरून घ्यावी असा एनटीपीचा, म्हणजे घड्याळ जुळवणाऱ्या सेवेचा, पत्ताही भरला. एनटीपी फक्त यूटीसी सांगतं. त्यात किती तास मिळवायचे हे कॅमेरा स्वतः ठरवतो, आणि तो टाइम झोनचा रकाना फॅक्टरीत भरला तसाच राहिला होता: जीएमटी अधिक आठ, म्हणजे यूटीसीच्या आठ तास पुढे. चीनची वेळ.

तरी मुलाला कळू नये? रोज आईला फोन करणारा माणूस, साडेनऊ तासांचा फरक त्याला झोपेतही येत असणार. त्यालाच फोन लावला. तिकडे पहाट होती, तरी उचलला. म्हणाला, "दादा, मी दोन्हीकडे बघितलं. सॉफ्टवेअरच्या पट्टीवर 1:40, चित्रावर 13:40. जुळतंय की!"

जुळत होतं खरंच. पट्टीवरची वेळ ब्राउझर जिथे उघडलाय तिथली दिसते, म्हणजे न्यू जर्सीची. उन्हाळ्यात ती यूटीसीच्या चार तास मागे आणि चीन आठ तास पुढे. फरक नेमका बारा तासांचा. त्याच्याकडे रात्रीचे 1:40, घरी दुपारचे 1:40, दिवस-रात्र उलटी, डोक्याला एकदम पटतं. यूटीसीतही चाळीस, न्यू जर्सीतही चाळीस, चीनमध्येही चाळीस. फक्त ज्या घरात हे घडलं तिथे दहा, कारण आपली वेळ अर्ध्या तासाची. हिवाळ्यात अमेरिकेची घड्याळं मागे गेल्यावर असतं, तर पट्टीवर 12:40 दिसलं असतं आणि त्याने नक्कीच हिशोब केला असता. हा योगायोग अजून डोक्यातून जात नाही.

काकू शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, ही वेळ पावणेदोनची नाही. सकाळी अकरा दहाची आहे. मावशी तेव्हा आलेल्याच नव्हत्या."

"अकरा दहा?" त्यांनी विचारलं. मग काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते.

"दारावरचं अकराच्या आसपासचं उघडतो," मी म्हटलं. तो कॅमेरा बाहेरच्या उजेडात आहे, चेहरा स्वच्छ येतो. माउस हातात होता.

"नको," काकू म्हणाल्या. "राहू दे ते."

घर त्यांचं, रेकॉर्डिंग त्यांचं. मी उघडलं नाही. टाइम झोन दुरुस्त केला, हॉलचा कॅमेरा खिडकी पाठीमागे येणार नाही असा समोरच्या भिंतीवर नेला. सर्टिफिकेटचं नाव कोणी काढलं नाही. निघताना मी विचारलं, "मावशींना कळवताय ना?" काका म्हणाले, "बघू. दुसरी बाई मिळाली आहे आता."

लोक कॅमेरा चोरासाठी घेतात आणि त्याचं तोंड कामवालीकडे करतात, हे मी बऱ्याच घरांत पाहतो. पाहुण्यांवर, नातेवाइकांवर लक्ष ठेवा असं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

बिलात मी मजुरीच्या खाली एक ओळ जादा लिहिली: 'हॉल कॅमेऱ्याचे घड्याळ अडीच तास पुढे होते, दुरुस्त केले', आणि तारीख टाकली. रात्री काकांचा फोन आला, ती ओळ वगळून बिल पुन्हा पाठवशील का म्हणून. केलेल्या कामाचीच नोंद आहे, काढता येणार नाही, असं मी सांगितलं. पैसे लगेच आले.

रेकॉर्डिंग दहा दिवस राहतं, मग जुनं आपोआप पुसलं जातं. दारावरचं त्या सकाळचं आता गेलं. मुलाने नंतर एकच मेसेज केला: हॉलसाठी चांगला डब्ल्यूडीआरवाला कॅमेरा सुचवा. सुचवला. मावशी कोणत्या गल्लीत राहतात ते मी आमच्या पेपरवाल्याकडून काढलंय. बिलाची कार्बन कॉपी दुकानात आहे. गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा धंद्याचा नियम मी आजवर पाळलाय, म्हणून अजून गेलेलो नाही.