जन्मतारखेचा कॉलम कशाला?

डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस कसे बांधायचे आणि सांभाळायचे हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं टेबल ठरलेलं असतं: स्टुडंट. रोल नंबर, नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल. मला माझ्या सरांनी तेच शिकवलं, पुण्यात मीही वर्षानुवर्षं तेच फळ्यावर लिहिलं. या सेमिस्टरला जर्मनीत, हेसन राज्यातल्या दार्मश्टाटमध्ये बॅचलरच्या वर्गात तेच लिहून प्रायमरी कीकडे (प्रत्येक नोंद वेगळी ओळखू देणारा कॉलम) वळणार, तोच एका मुलीने हात वर केला. "जन्मतारीख कशासाठी ठेवायची?" मी म्हटलं, उदाहरण आहे. तर म्हणते, "मग उदाहरणातही कारण हवं. आणि विद्यार्थी पास होऊन गेल्यावर ही रो, म्हणजे त्याची नोंद, कधी पुसायची?"

मला रागच आला. आमच्या टीईच्या (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या) पोरांना फंक्शनल डिपेन्डन्सी, म्हणजे कुठल्या कॉलमवरून कुठला ठरतो ते दिलं, की कॅन्डिडेट की काढून टेबल बीसीएनएफपर्यंत, म्हणजे माहितीची पुनरावृत्ती टाळणाऱ्या नेटक्या रचनेपर्यंत नेऊन दाखवतात. आणि इथे अर्धा तास एका कॉलमवर! सिलॅबस कधी संपायचा?

पण वर्गातल्या कुणालाच तो प्रश्न फाटे फोडणारा वाटला नव्हता, आणि त्याला कारण आहे. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा याच हेसन राज्याने केला, 1970 साली. त्याच वर्षी आयबीएमच्या एडगर कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा (माहिती टेबलांच्या रूपात मांडण्यावरचा) पेपर आला, ज्याच्यावर आपला अख्खा विषय उभा आहे. कॉडने सांगितलं, माहिती आत कशी साठवली आहे हे वापरणाऱ्याला कळायची गरज नसावी. हेसनने विचारलं, ती साठवली कुणी आणि कशासाठी? मी आजवर कॉडचंच शिकवत आले. इथल्या मुलांच्या घरात हेसनचा प्रश्न का पडला, याची आठवण जिवंत आहे. नाझींच्या काळात, 1939 च्या जनगणनेत आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होतं, हे एका वेगळ्या कार्डावर लिहून घेतलं होतं. पुढे 1983 साली इथल्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या आणि आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे, असं सांगितलं.

हे सगळं मान्य. तरी मी विचारलंच, मग इथे राहायला आल्यावर नोंदणी कचेरीत धर्म का विचारतात? उत्तर तयार होतं: चर्चचा कर कापायचा म्हणून, हेसनमध्ये आयकराच्या 9 टक्के. हेतू कायद्यात लिहिलेला आहे, म्हणून चालतं.

तेवढ्यात एकाने विचारलं, "तुमच्याकडे फॉर्मवर जातही असते ना?"

असते. आणि इथे मी मागे हटले नाही. तो कॉलम काढून टाकला तर आरक्षित जागा कुणाला द्यायची, शिष्यवृत्ती कुणाच्या खात्यावर जमा करायची? आमच्याकडे किती घरांतली पहिली इंजिनीअर मुलगी त्या कॉलममुळे कॉलेजात आली आहे! इथे एका कॉलमने माणसं वेचून मारली, म्हणून यांना कॉलमची भीती वाटते. आमच्याकडे ज्यांची नोंद कुणी घेतच नव्हतं, त्यांना त्याच कॉलमने दार उघडून दिलं. हे मी वर्गात जसंच्या तसं सांगितलं, आवाज जरा चढलाही असेल.

पण तो कॉलम प्रवेशाच्या फॉर्मवरून मेरिट लिस्टवर, तिथून नोटीस बोर्डावर आणि वर्गशिक्षकाच्या एक्सेल शीटवर जातो, त्याचं समर्थन मला करता येईना. मग आम्ही तेच फळ्यावर सोडवलं. कॅटेगरीचं टेबल वेगळं, स्टुडंट टेबलशी फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमने) जोडलेलं. त्यावर सिलेक्टचा ग्रँट, म्हणजे वाचायची परवानगी, फक्त शिष्यवृत्ती विभागाला. शिक्षकांसाठी एक व्ह्यू, म्हणजे निवडक कॉलमच दाखवणारी खिडकी: रोल नंबर, नाव, हजेरी, मार्क, बस्स. जन्मतारीख गेली. पुसायचा प्रश्न जास्त अवघड निघाला. ऑन डिलीट कॅस्केड (एक नोंद पुसली की तिला जोडलेल्याही पुसणारा नियम) लावलं तर विद्यार्थ्याबरोबर त्याचे मार्कही जातात, आणि वीस वर्षांनी तो ट्रान्सक्रिप्ट मागायला आला तर? निकाल ठेवायचे, पत्ता आणि मोबाइल पुसायचे, असं ठरलं. बॅकअपमधल्या प्रतीचं काय, यावर एकमत झालं नाही. व्ह्यू आणि ग्रँट हे तसे कोरडे टॉपिक. असे रंगलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

आपल्याकडे हे कुणाला कळत नाही असं कृपया समजू नका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं, 2023 मध्ये कायदाही आला. पण सत्तर मुलांचा वर्ग, बॅचवार प्रॅक्टिकल, जर्नल तपासणं, ओरलला येणारे एक्स्टर्नल, आणि पेपरात "हा कॉलम का ठेवला?" याला एकही मार्क नाही. त्यात मी तरी वेळ कुठून काढला असता? इथे पेपर मीच काढते, म्हणून हे जमतं. तिकडे शिकवणाऱ्यांनी निदान ईआर डायग्रामच्या (डेटाबेसच्या आराखड्याच्या) असाइनमेंटमध्ये प्रत्येक ॲट्रिब्यूटसमोर, म्हणजे कॉलमसमोर, एका ओळीचं कारण मागून पाहावं. मार्क नसले तरी चालतील.

पुढच्या आठवड्यात ट्रान्झॅक्शन, म्हणजे पूर्ण तरी व्हावा नाहीतर मुळीच होऊ नये असा डेटाबेसमधला व्यवहार. त्याच्या चार गुणांना ॲसिड हे नाव थिओ हेर्डर आणि आन्द्रेआस रॉयटर या दोन जर्मनांनीच दिलं, तेही 1983 सालीच. पण त्यातलं आयसोलेशन, म्हणजे एकाच वेळी चाललेले व्यवहार एकमेकांत न मिसळणं, हे सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळमध्ये शेवटच्या बर्थवर एकाच क्षणी तुटून पडणाऱ्या माणसांइतकं चांगलं कुणीच समजावू शकत नाही. ते उदाहरण आपलंच घेणार आहे.