सहा नोव्हेंबरचा नऊचा तास

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात पीएचडी करते आणि पदवीच्या मुलांचे संख्याशास्त्राचे सराव तास घेते. २०२४ च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत या राज्याची १९ इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, फार मोलाची होती. त्यामुळे जाहिराती, मेसेज आणि दारावर येणारे कार्यकर्ते यांनी मुलं आधीच थकून गेली होती. ६ नोव्हेंबरला, बुधवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास ट्रम्प जिंकल्याचं जाहीर झालं. नऊला माझा तास होता. मी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, मला मताचा अधिकार नाही, तरी रात्रभर मीही जागीच होते.

तासाआधी मी वर्गाला ईमेल पाठवला : 'आजचा दिवस आपल्या सर्वांनाच जड आहे.' तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. आयुष्यातलं पहिलं मत त्यानं ट्रम्प यांना दिलं होतं. म्हणाला, "तुमच्या त्या 'सर्वां'मध्ये मी नाही ना? आता या वर्गात तोंड उघडायची भीती वाटते." मला फार वाईट वाटलं. धीर द्यायला लिहिलेल्या ओळीनं मी एकाला वर्गाबाहेर काढलं होतं. त्याच दिवशी दुसरा ईमेल लिहून मी माफी मागितली.

दुपारी समुपदेशन केंद्रातल्या बाईंनी आम्हा शिकवणाऱ्यांची बैठक घेतली. त्यांचं सांगणं अगदी साधं होतं. कोणाला काय वाटत असेल याचा अंदाज बांधू नका. मत कोणाला दिलं हे विचारू नका. झोप लागते का, जेवण जातं का, वर्गात यावंसं वाटतं का, एवढं विचारा. शुक्रवारची क्विझ मी सगळ्यांसाठीच सोमवारवर ढकलली. मागेल त्याला सूट दिली असती, तर प्रत्येकाला कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या आठवड्यात कारण सांगणं म्हणजे आपलं मत उघड करण्यासारखंच होतं. ९८८ हा मानसिक संकटातल्या माणसांसाठीचा क्रमांक २०२२ पासून देशभर चालतो, फोन करा किंवा मेसेज. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला आणि सत्र संपेपर्यंत पुसू दिला नाही.

परदेशी विद्यार्थ्यांची घालमेल मात्र वेगळीच होती, आणि तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष होतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात, २७ जानेवारी २०१७ ला, सात देशांच्या नागरिकांवर अमेरिकेत प्रवेशबंदी आली, तेव्हा सुट्टीला गेलेले विद्यार्थी बाहेरच अडकले होते. त्यात इराणही होता. माझ्या शेजारच्या टेबलावरची इराणी मैत्रीण दोन वर्षांनी घरी जाणार होती, तिनं तिकीट रद्द केलं. २० जानेवारीच्या शपथविधीआधी परत या, असा सल्ला आमच्याही विद्यापीठानं दिला. तिला झोप लागत नव्हती, पण समुपदेशकाकडे गेलं तर व्हिसावर डाग लागेल, असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

मग आम्ही दोघी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात गेलो आणि स्पष्ट विचारलं. उत्तर मिळालं की समुपदेशनातलं बोलणं गोपनीय असतं, जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद सोडला, तर ते बाहेर जात नाही आणि व्हिसाच्या नोंदीत येत नाही. शिवाय प्रकृतीच्या कारणानं कमी विषय घेण्याची सोय एफ-१ च्या नियमांतच आहे. डॉक्टरांचं किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं पत्र हवं, एका पदवीच्या पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत ती मिळू शकते. पण कार्यालयाची मंजुरी आधी घ्यायची, विषय मग सोडायचा. क्रम उलटा झाला तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. हे आम्हाला पहिल्याच वर्षी कोणी सांगितलं असतं तर! त्या दुपारी मैत्रिणीनं समुपदेशकाची वेळ घेतली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

डिसेंबरच्या शेवटच्या तासाला तो मुलगा पुढच्या रांगेत होता, प्रश्न विचारत होता. पण निकालाच्या त्या बुधवारी मागच्या बाकावर वही न उघडता बसलेली एक मुलगीही होती. तिची आई कागदपत्रांविना या देशात राहते, हे तिनं मला पुढच्या सोमवारी सांगितलं, तेव्हा तिनं विषय सोडायचा अर्ज भरलेला होता. बुधवारी मी तिला पाहिलं होतं. एकटीला गाठून विचारायला मात्र सोमवारपर्यंत थांबले.