मेंदी काळी कशी होते?

पाकिटावर 'नॅचरल' छापलंय म्हणून भुलू नका, मागची घटकांची यादी वाचा. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसांवर नारिंगी-तांबूस रंगच चढवतं. 'काळी मेंदी' अर्ध्या तासात केस काळेभोर करत असेल, तर त्यात बहुधा पीपीडी हे रसायन, म्हणजे सरळसरळ हेअर डायच आहे.

वनस्पतींचाच काळा हवा तर दोनदा बसावं लागतं. मेंदी ६-८ तास भिजवून २-३ तास लावा, धुवा. मग निळीच्या पानांची पूड कोमट पाण्यात कालवून १०-१५ मिनिटांत लावायला घ्या, तासभर ठेवा. ही पूड रात्रभर भिजवली की रंग मरतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं. लिंबूही नको. सुरुवातीला हिरवट झाक दिसेल, ती दोनेक दिवसांत जाते.

पानांचीही अ‍ॅलर्जी होते बरं का! कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा.