क्रीट, फालासार्ना: जांभळी फुलं बघायची तर एप्रिलमध्ये जा

ग्रीसच्या क्रीट बेटावर, फालासार्नाच्या किनाऱ्यावर गेलो समुद्र बघायला आणि दोन सकाळी वाळूत उकिडवा बसून फुलंच बघत राहिलो, बायको म्हणे कोकणात मर्यादवेलीकडे कधी असं ढुंकून पण बघितलं नाहीस. खरंय!

नाव मॅथिओला ट्रायकस्पिडाटा. जेमतेम वीतभर, पानं राखाडी आणि लवदार (खारा वारा नि ऊन सोसायची सोय), फिकट जांभळ्या चार पाकळ्या, मधे पांढरट, वास गोड. मुळा-मोहरीच्या घराण्यातलं आहे, म्हणून पाकळ्यांची फुली तशीच. हिवाळ्यात आपल्या नर्सरीत 'स्टॉक' नावाचं फुलझाड मिळतं ना, त्याचंच भाऊबंद. मी आधी भलत्याच झाडाला हेच समजून वीस फोटो काढले, ते सी रॉकेट निघालं, फूल तसंच जांभळट पण पानं जाड, गुळगुळीत. पक्की खूण म्हणजे शेंग, टोकाला तीन शिंगं असतात.

हानिया शहरातून किसामोस गावापर्यंत बस आहे, साधारण तासभर लागतो, तिथून पुढे फालासार्नाच्या बस सीझनप्रमाणे बदलतात त्यामुळे वेळापत्रक आधी बघा, आम्ही सरळ गाडी भाड्याने घेतली. एप्रिलमध्ये खायच्या जागा बऱ्याच बंद, पाणी आणि खाणं सोबत ठेवा. पोहायचा विचार असेल तर पाणी चांगलंच गार असतं, मी गुडघ्यापर्यंत जाऊन परत.

फुलं पाण्याच्या कडेला शोधू नका, लाटा पोचत नाहीत अशा मागच्या सैल वाळूत मिळतात. मळलेल्या वाटेनेच चाला, वाळूच्या उंचवट्यांवर गाडी तर अजिबात नको, एक चाक गेलं की झाडं संपली. आणि सकाळीच जा, दुपारी वारा सुटला की फूल एक सेकंद स्थिर राहत नाही, वर लेन्समध्ये वाळू (माझ्या अजून आहे).

वेळ असेल तर उत्तर टोकाचं प्राचीन बंदर बघाच. बंदर आहे पण पाणी नाही, कारण इ.स. 365 च्या भूकंपात इथला किनाराच 6 मीटरहून जास्त वर उचलला गेला. बूट घाला, चपलेत हाल होतात.

जूननंतर ही झाडं वाळून जातात. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना पांढरी सी डॅफोडिल दिसेल, पार्किंग मिळालं तर.